मुरमांचे जुने खड्डे: आधी लेझर की आधी सबसिजन आणि पंच? (सांगली-मिरज)

बागायतदार_तासगाव

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतोय. वय २९, रंग सावळा, उन्हात चार दिवस काम केलं की चेहरा लगेच काळवंडतो. दोन वर्षांत नवीन मुरूम नाही. मुरमांची गोळी आयसोट्रेटिनोइन २० मिग्रॅ. रोज चालू होतं, ते बंद करून ५ महिने झाले.

खड्ड्यांचं वर्णन असं: नाकालगत दोन्ही गालांवर मिळून दहा-बारा बारीक, खोल भोकं. कानाच्या बाजूला पाच गोल खड्डे, कडा उभ्या, तळ सपाट, स्केल लावून साधारण ३ मिमी. गालाच्या खालच्या भागात उंच-सखलपणा, पण बोटांनी कातडी ताणली की तो जवळजवळ दिसत नाही. शिवाय जबड्याच्या कडेला दोन टणक उंचवटे आहेत, अधूनमधून खाजतात.

सांगलीत एका ठिकाणी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरच्या ६ सीटिंगचं पॅकेज सांगितलं. मिरजेत दुसऱ्या डॉक्टरांनी "आधी सबसिजन, मग पंच, लेझरचं शेवटी बघू" असं सांगितलं (सबसिजन म्हणजे कातडीखाली सुई फिरवून तंतू तोडणं, पंच म्हणजे गोल पात्याने खड्डा कापणं). कोणाचं ऐकावं? घरची द्राक्षबाग आहे, खरड छाटणी उरकली, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. फेब्रुवारीत लग्नाचं बघतोय. तोवर काय होण्यासारखं आहे?

त्वचाशल्य_मिरज

वर्णन इतकं नेमकं आहे की निम्मं उत्तर त्यातच आलंय. तुमच्या भावाच्या चेहऱ्यावर एक नाही, चार वेगळे प्रकार आहेत आणि चौघांचा इलाज वेगळा. एकच मशीन सगळ्या चेहऱ्यावर सहा वेळा फिरवून चारही सुटतील ही अपेक्षा चुकीची. मिरजेचा सल्ला बरोबर आहे.

ताणल्यावर नाहीसा होणारा भाग म्हणजे रोलिंग. तिथे वरची कातडी ठीक असते, खालून तंतूंच्या दोऱ्यांनी ती चरबीच्या थराकडे ओढून धरलेली असते, गादीला टाका घातल्यावर खळगा पडतो तसा. टाका तोडल्याशिवाय खळगा भरत नाही. फ्रॅक्शनल लेझर वरून बारीक उभ्या भोकांनी त्वचा जाळतं आणि नवं कोलॅजन तयार व्हायला लावतं, पण आडव्या दोऱ्या तोडत नाही. म्हणून इथे सबसिजन पहिलं.

पद्धत थोडक्यात. खड्ड्यांच्या खुणा रुग्णाला बसवून, बाजूने उजेड टाकून करायच्या. आडवं झोपवलं की गाल सपाट होतात आणि निम्मे खड्डे सापडत नाहीत. टेबलावर झोपवून मग मार्कर काढणारे पाहिले की काळजी वाटते. त्यानंतर ॲड्रेनलिन मिसळलेलं लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) टोचून १० ते १५ मिनिटं थांबायचं. ही थांबण्याची वेळ फक्त बधिरतेसाठी नसते. रक्तवाहिन्या आकसायला तेवढा वेळ लागतो, आणि घाई केली की काळं-निळं जास्त होतं. ॲड्रेनलिनसह लिग्नोकेनची नेहमीची मर्यादा किलोमागे ७ मिग्रॅ., म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२० मिग्रॅ. (१ टक्क्याचे ४२ मिली). दोन गालांना याच्या निम्मंही लागत नाही.

मग खड्ड्याच्या बाहेरून १८ गेजची सुई किंवा चपट्या पात्याची नोकोर सुई त्वचेला समांतर घालून, त्वचा आणि चरबी यांच्या सीमेवर पंख्यासारखी फिरवायची. दोरी तुटताना हाताला 'कट्' असं जाणवतं, कधी ऐकूही येतं. भाग मोठा असेल तर बोथट टोकाची नळी, म्हणजे कॅन्युला, बरी: एकाच छिद्रातून बराच भाग मोकळा होतो आणि रक्तवाहिन्या कमी दुखावतात. पण जुन्या, घट्ट दोऱ्यांपुढे कॅन्युला अडते, तिथे धारदार सुईच लागते. शेवटी ५ ते १० मिनिटं घट्ट दाब.

काय बिघडतं? सुई फार वरून गेली तर त्वचा फाटते, फार खाली गेली तर दोऱ्या तशाच राहतात. कानशिलावर आणि जबड्याच्या कडेला चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा असतात, तिथे खोल जायचं नाही. दाब कमी पडला की रक्त साठून गाठ होते. ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत विरते, राहिलीच तर सौम्य ट्रायॲमसिनोलोनचं (स्टेरॉइडचं) इंजेक्शन. आणि तुटलेल्या दोऱ्या पुन्हा चिकटू शकतात, त्यामुळे ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने ३ तरी सबसिजन धरून चाला. निळेपणा ७ ते १४ दिवस राहतो.

आता उभ्या कडांचे ३ मिमी खड्डे, म्हणजे बॉक्सकार. तळाची कातडी रंगाने आणि पोताने आजूबाजूसारखी असेल तर पंच एलेव्हेशन. खड्ड्याच्या आतल्या मापाचाच पंच घेऊन कडेने गोल कापायचं, तळ काढून टाकायचा नाही, फक्त मोकळा करायचा. तो आपोआप वर येतो. आजूबाजूपेक्षा किंचित वर ठेवून पट्टीने किंवा टिश्यू ग्लूने धरायचा, कारण भरताना तो आकसून खाली बसतो. सुरुवातीलाच समपातळीत ठेवला तर महिन्याभराने पुन्हा खड्डा. तळ पांढरट किंवा सुरकुतलेला असेल तर मात्र तो वर आणून उपयोग नाही, पंच एक्सिजन करायचं: व्रणापेक्षा थोडा मोठा पंच, खालचा ऊतक बारीक कात्रीने चरबीपाशी कापायचा आणि ६-० नायलॉनचे एक-दोन टाके. पंच मारताना कातडी ताणरेषांच्या काटकोनात ताणून धरली की गोल जखम सोडल्यावर लांबट होते आणि टाका रेषेत बसतो. साडेतीन मिमीच्या पुढे पंच नको, टोकांना कातडीचे कान उभे राहतात. तिथे लंबगोल छेदच घ्यावा.

एकमेकांपासून ४-५ मिमीच्या आत असलेले दोन खड्डे एकाच दिवशी कापायचे नाहीत. दोन्ही टाके एकमेकांना ओढतात आणि दोन्ही व्रण रुंदावतात. एक आज, दुसरा चार-सहा आठवड्यांनी.

बारीक भोकांबद्दल सातारकर लिहितील, तो त्यांचा प्रांत. जबड्याच्या उंचवट्यांवर मी खाली वेगळं लिहितो, कारण त्यावर सगळं वेळापत्रक अवलंबून आहे.

सातारकर_एमडी

प्रांत वगैरे काही नाही, पण लिहितो.

नाकालगतची भोकं म्हणजे आइस पिक. तोंड २ मिमीपेक्षा लहान, खाली निमुळती, खोलवर गेलेली. लेझर किंवा डर्माब्रेजन (कातडी घासून काढणं) तिथवर पोहोचवायचं तर आजूबाजूची चांगली कातडीही तेवढीच खोल सोलावी लागेल. म्हणून टीसीए क्रॉस: ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड जास्त तीव्रतेचं, फक्त भोकाच्या तळाशी. कोरियातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये ६५ आणि १०० टक्के अशा दोन तीव्रतांवर ही पद्धत मांडली.

त्वचा स्पिरिटने पुसून तेल काढायचं. लाकडी टूथपिकचं टोक ॲसिडात बुडवून, बाटलीच्या कडेला निपटून, भोकात उभं दाबायचं. काही सेकंदांत आत पांढरं येतं, तेवढ्यावर थांबायचं. क्रीम लावून भूल देण्याची सहसा गरज पडत नाही, जळजळ काही मिनिटंच असते. खपली ४ ते ७ दिवसांत पडते. खपली नखाने काढली की हमखास डाग. महिन्याच्या अंतराने ३ ते ६ वेळा.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे थेंब जास्त होणं. ॲसिड काठावर पसरलं की काठही जळतो, आणि बारीक भोक भरायच्या ऐवजी रुंद होतं. सुरुवातीच्या खड्ड्यापेक्षा मोठा खड्डा करून आलेले चेहरे बघायला मिळतात ते यामुळेच. डोळ्याच्या बाजूला काम असेल तर डोळे झाकलेले आणि सलाइनची सिरिंज हाताशी भरलेली हवी. टीसीए ऑनलाइन मिळतं, घरी आरशासमोर लावायचं कोणाच्या मनात असेल तर ते इथेच सोडून द्या.

एका बाबतीत मात्र मी वेगळं करतो. दीड-दोन मिमीच्या रुंद तोंडाच्या आइस पिकवर मी क्रॉस करत बसत नाही, सरळ २ मिमी पंच एक्सिजन. पाच वेळा ॲसिड लावून जे ६० टक्के मिळतं ते एका टाक्यात मिळतं. अगदी बारीक भोकांना मात्र क्रॉसच. सावळ्या रंगावर मी १०० टक्क्यांनी सुरुवात करत नाही, ५० ते ७० टक्क्यांनी करतो. एखादी सीटिंग वाढेल, पण दोन-तीन महिने टिकणारे काळे डाग टळतात.

त्वचाशल्य_मिरज

तीव्रतेवर वाद घालत नाही. १०० टक्के नीट निपटलेल्या टोकाने लावलं तर सावळ्या रंगावरही चालतं असं माझं मत, पण नवख्या हातात ६५ सुरक्षित हे मान्य. पंचबद्दल मात्र सहमत.

आता जबडा. टणक, खाजणारे, वर आलेले उंचवटे म्हणजे व्रण जास्त भरून आलेत. हायपरट्रॉफिक असतील किंवा केलॉइड. मूळ मुरमाच्या हद्दीबाहेर पसरले असतील तर केलॉइड समजायचं. ते कापायचे नाहीत, नुसते कापलेले केलॉइड बहुतेक पुन्हा येतात, कधी आधीपेक्षा मोठे. ट्रायॲमसिनोलोन १० ते ४० मिग्रॅ. प्रति मिली, गाठीच्या आतच, ३-४ आठवड्यांनी. चेहऱ्यावर कमी तीव्रतेने सुरुवात. गाठीच्या खाली चरबीत गेलं तर खड्डा पडतो आणि रंग उडतो.

पण खरा मुद्दा वेगळा आहे. ज्याचे व्रण जबड्यावर वाढतात त्याचे पंचचे टाकेही वाढू शकतात. छाती, खांदे आणि कानाची पाळी तपासा, आई-वडिलांना केलॉइड आहे का विचारा. आणि सरसकट बारा पंच मारण्याआधी कानालगतच्या एकाच खड्ड्यावर चाचणी पंच करून ८ ते १२ आठवडे थांबा. तो सपाट राहिला तरच पुढचे. हे न सांगता एका दिवसात "सगळं उरकू" म्हणणारा डॉक्टर मला तरी नको.

आयसोट्रेटिनोइनबद्दल: बंद केल्यावर सहा महिने काहीच करू नये हा जुना नियम २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या एका सहमतीपत्राने बराच सैल केला. पूर्ण कातडी सोलणारं लेझर आणि मोटरने केलेलं डर्माब्रेजन सोडून बाकीच्या गोष्टींना थांबण्याइतका पुरावा नाही, असं त्यात म्हटलंय. तुमचे ५ महिने झालेत, सबसिजन आणि पंचला अडचण नाही.

बागायतदार_तासगाव

डॉक्टर, दोघांचेही आभार. जबड्याच्या गाठींचा पंचशी संबंध असेल हे कोणीच सांगितलं नव्हतं. आता तीन शंका. वेळापत्रक कसं बसवायचं? लेझर अजिबातच नको का? आणि घरी आई म्हणते टाक्यांवर हळद लावा, सांगलीची हळद आहे, काही होत नाही.

ओटी_ताई

हळदीचं मी सांगते दादा, कारण ड्रेसिंग उघडल्यावर पिवळं बघायची सवय आहे. खायची हळद निर्जंतुक नसते, बारीक कण टाक्यात अडकतात, आणि काहींना हळदीचीच ॲलर्जी उठते. ताज्या जखमेवर लाल पुरळ आलं की सावळ्या रंगावर मागे काळा डाग राहतो. आईंना सांगा, हळद लग्नातच लावू.

टाक्यांवर पहिले २४ तास ड्रेसिंग कोरडं. नंतर दिवसातून दोनदा सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने पुसून व्हॅसलीन किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम, पातळ थर. खपली कोरडी पडू द्यायची नाही. टाके पाचव्या ते सातव्या दिवशी. दहाव्या दिवसापर्यंत ठेवले तर दोन्ही बाजूंना टाक्यांच्या ठिपक्यांच्या खुणा राहतात, आणि खड्डा घालवायला जाऊन रेल्वेचे रूळ घेऊन येता. दाढी टाके निघेपर्यंत नको, मग आठवडाभर ट्रिमर. हेल्मेटचा पट्टा आणि आतलं फोम गालावर घासतं, म्हणून तासगाव-मिरज बाईकवर येऊ नका, एसटीने या.

सबसिजनच्या आधी आठवडाभर आयब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या नकोत, दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर स्वतःहून बंद करायचं नाही, ज्यांनी दिलं त्यांना विचारायचं. फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल घेत असाल तर तेही सांगा, लोक याला औषध समजत नाहीत. पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून १०-१० मिनिटं, दोन उशा घेऊन झोपायचं. एका गालाला अचानक खूप सूज येऊन तो ताठ झाला तर सकाळची वाट बघू नका, आतून रक्त येत असतं. ओठांवर पाण्याचे फोड (जर) उठण्याची सवय असेल तर लेझरच्या आधी नक्की सांगा, विषाणूची गोळी आधीपासून चालू करतात.

सनस्क्रीन जखम बंद झाल्यावर, साधारण आठवड्याने. एसपीएफ ३० किंवा ५०, शक्यतो रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेली. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकी. बागेत घाम येतो, दर दोन-तीन तासांनी पुन्हा. एका ट्यूबला वर्ष पुरतंय म्हणजे लागतच नाहीये. आणि मेडिकलमधून गोरं करणारी तीन औषधांची मिसळ स्वतःहून घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असतं, महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि मुरमं परत येतात.

सातारकर_एमडी

ताईंनी सगळं सांगितलं. लेझरबद्दल: नको असं नाही, शेवटी. सबसिजन आणि पंच झाल्यावर जे काठ उरतात आणि पोतात जो खरखरीतपणा असतो त्यासाठी फ्रॅक्शनल सीओटू किंवा मायक्रोनीडलिंग आरएफ (बारीक सुयांतून रेडिओलहरींची उष्णता देणं). सावळ्या रंगाला माझी पसंती आरएफला. सुया आवरण असलेल्या असतील तर उष्णता त्वचेच्या आतल्या थरातच सुटते, वरचा थर वाचतो आणि डाग पडण्याचा धोका कमी. सीओटू करायचंच असेल तर घनता कमी ठेवायची आणि दोन सीटिंगमध्ये ६ ते ८ आठवडे. पॅकेज घेताना विचारा की एका वेळी किती टक्के त्वचा व्यापणार. उत्तर देता आलं नाही तर मशीन चालवणारा कोण हेही विचारा. पंचच्या टाक्यांनंतर किमान ४ ते ६ आठवडे थांबून मगच.

पाच उभ्या खड्ड्यांपैकी एखाद्याचा तळ फारच खराब निघाला तर पंच ग्राफ्टचा पर्याय सांगतील. कानामागची कातडी पंचाने काढून खड्ड्यात बसवायची, खड्ड्याच्या छिद्रापेक्षा ग्राफ्ट पाव ते अर्धा मिमी मोठा, कारण तो आकसतो. जमतं, पण रंग जुळत नाही आणि वर खडबडीत राहतं, ते मग घासून सपाट करावं लागतं. आजकाल मी टाळतो.

त्वचाशल्य_मिरज

वेळापत्रक. मृगात ऊन उतरलं की पहिला फेरा: दोन्ही गालांचं सबसिजन, बारीक भोकांना पहिलं क्रॉस, कानालगत एक चाचणी पंच, जबड्याच्या गाठींत पहिलं इंजेक्शन. मधल्या महिन्यात गाठींचं पुढचं इंजेक्शन. जुलैअखेर दुसरं सबसिजन आणि दुसरं क्रॉस. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चाचणी पंच तपासायचा. सपाट असेल तर उरलेले पंच आणि एलेव्हेशन तेव्हाच, म्हणजे टाके निघून छाटणीच्या आधी पंधरा दिवस तरी मिळतात.

ऑक्टोबरमध्ये काही नको. छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावता, ते कातडीला चांगलंच जाळतं. नुकती भरलेली जखम आणि ते एकत्र येता कामा नये. डाऊनीच्या (द्राक्षावरच्या बुरशीरोगाच्या) फवारण्या चालू असताना घामाने भिजलेला मास्क दिवसभर गालावर घासतो, तेही नको. फवारणीचा जोर ओसरला की नोव्हेंबरअखेर तिसरं सबसिजन आणि त्याच सीटिंगला आरएफ. त्यानंतर लग्नापर्यंत चेहऱ्याला हात लावायचा नाही. शेवटची प्रक्रिया आणि लग्न यांत ८ आठवडे हवेतच, डाग पडलाच तर उतरायला तेवढा वेळ लागतो.

फेब्रुवारीपर्यंत साधारण निम्मी सुधारणा धरा, बाजूच्या उजेडात खड्डे दिसतीलच. कोलॅजन शेवटच्या प्रक्रियेनंतरही तीन ते सहा महिने बदलत राहतं. आज खिडकीशेजारी, दिवा बंद करून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, दर फेऱ्याला त्याच जागी तसेच काढा. मोबाइलचं सौंदर्य फिल्टर बंद करून.

डॉक्टर निवडताना: त्वचारोगाची एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, नाहीतर प्लास्टिक सर्जरीची एमसीएच, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी. खर्चाचा अंदाज प्रत्येक प्रक्रियेचा वेगळा लिहून मागा: सबसिजन एका सीटिंगचं किती, पंच नगावर की एकत्र, गाठींचं इंजेक्शन धरलंय का. सौंदर्यासाठीच्या प्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाहीत. खासगीचं झेपत नसेल तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागाच्या ओपीडीत जाऊन काय-काय होतं ते विचारा. गाठींची इंजेक्शनं तरी तिथून सुरू करता येतील.

बागायतदार_तासगाव

पक्कं झालं, पॅकेजवाल्यांना नाही कळवतो. एक शेवटचं: टाके काढायला दरवेळी मिरज गाठायलाच हवं का? तासगावात काढले तर चालतील?

ओटी_ताई

चालतील दादा, पण ६-० चा धागा केसाएवढा असतो, ड्रेसिंगच्या नेहमीच्या कात्रीचं टोक गाठीखाली शिरत नाही. बारीक टोकाची आयरिस कात्री किंवा ११ नंबरचं ब्लेड, दातांशिवायचा बारीक चिमटा आणि चांगला उजेड आहे का ते आधी विचारून घ्या. धागा कातडीलगत कापून गाठ जखमेच्या दिशेने ओढायची, उलट ओढली तर कड उसवते. डिस्चार्ज कागदावर प्रत्येक गालाला किती टाके ते लिहून घ्या, काढल्यावर मोजा. सुटलेला एखादा टाका पंधरा दिवसांनी पिकून वर येतो आणि लोकांना वाटतं मुरूम आला.